मुलं शिकायला बाहेर गेली, मागे आईबाबांनी कसं सावरलं? अनुभव लिहा

कृष्णाकाठ
वरच्या मजल्यावरच्या वहिनींचा मुलगा खरगपूरला निघालाय. काल जिन्यात भेटल्या, म्हणाल्या तुम्ही पहिलं वर्ष कसं काढलंत हो? तेव्हा नीट सांगता आलं नाही, पण रात्री सगळं आठवत बसले. माझी लेक नागपूरला मेडिकलला लागली, आम्ही दोघं सांगलीहून महाराष्ट्र एक्सप्रेसनं पोचवायला गेलेलो. जाताना सामानाच्या गडबडीत काही जाणवलं नाही, परतताना मात्र हे सगळा रस्ता गप्प. मी रडून मोकळी झाले, बहिणी, शेजारणी सगळ्यांनी मला विचारलं कशी आहेस म्हणून, पण ह्यांना कुणी विचारलंच नाही. रोज संध्याकाळी खाली जाऊन तिची स्कूटी चालू करायचे, हँडलवर हात ठेवून तसेच उभे राहायचे आणि बंद करून वर यायचे. का, तर बॅटरी उतरते! एक दिवस मी म्हणलं नुसती चालू कशाला करताय, मला घेऊन चला की. मग आयर्विन पुलापर्यंत जायला लागलो, पावसाळा होता, पाणी किती चढलंय बघायला निम्मी सांगली तिथं असतीच. तिथं उभं राहून हे हळूहळू लेकीबद्दल बोलायला लागले. म्हणून मला मनापासून वाटतं, घरातल्या बाबांना पण विचारा. बाबालोकांनी नक्की लिहा.

पोळपाट
कुकर लावलाय तोवर लिहिते. कणकेचा अंदाज काही केल्या बदलेना, तिघांची मळायची सवय, मग काय रोज संध्याकाळी फोडणीची पोळी 😄 दूधवाल्याला अर्धा लिटर कमी कर म्हणून सांगायचं होतं ते तर मी कितीतरी दिवस सांगितलंच नाही, जीभच रेटत नव्हती. झाली शिट्टी, येते.

परभणीकर
बाबालोकांनी लिहा म्हणालात म्हणून लिहितो, एरवी नुसता वाचत असतो. पोराची इंजिनीअरिंगची ॲडमिशन, कॅप राउंड, डोमिसाइल, नॉन-क्रिमीलेयर, जात पडताळणी, सेतू केंद्राच्या रांगा, सगळीकडं आम्ही दोघं सोबत. रांगेत उभं राहून चहा पिताना जेवढं बोललो तेवढं त्याच्या लहानपणापासून बोललो नव्हतो. पुण्याला होस्टेलवर सोडून आलो अन् एकदम हातचं कामच संपलं. फोन आला की आईला येणार, मला फक्त "बाबांना सांग". मग ठरवलं, महिन्याचे पैसे मी पाठवतो तर रविवारी हिशेब मलाच सांगायचा. हिशेब दोन मिनिटांत होतो, पुढं अर्धा तास क्रिकेट, मेस, रूममेट. तेवढा फोन पुरतो मला आठवडाभर.

कृष्णाकाठ
@परभणीकर दादा, हे वाचून ह्यांना दाखवलं. "बरोबर आहे त्यांचं" म्हणाले.

बंकबेड
मी पलीकडच्या बाजूची, होस्टेलवरून लिहितेय. आई रोज तीनदा "जेवलीस का" विचारायची, नेमकं प्रॅक्टिकल चालू असताना फोन. मग मी दुपारी ताटाचा फोटोच टाकायला लागले, खाली काही लिहीत पण नाही. ती लगेच "भाजीत तेल फार आहे" म्हणते आणि दोघीही निवांत. काकू, काका, तुमच्या मुलांना एक वेळ ठरवून द्या, त्यांनाही बोलायचंच असतं.

सातच्या आत घरात
माझं थोडं वेगळं. मिस्टर नाहीत, मुलगी आणि मीच. ती गेल्यावर दिवस ऑफिसात जायचा पण संध्याकाळी कुलूप उघडायला नको वाटायचं, झोप नाही, जेवण नाही. मैत्रिणीनं टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर दिला, 14416, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असतो, मराठीत बोलता येतं. मुलीला हे सांगणं शक्य नव्हतं, ती सगळं टाकून परत आली असती. तिकडच्या बाई शांतपणे ऐकत होत्या. कुणाला लागला तर असू द्या. आता संध्याकाळी भजनाच्या क्लासला जाते.

पोळपाट
ताई ❤️ कुठं असता? जवळ असाल तर या हो संध्याकाळी, फोडणीची पोळी आहेच.

राइनकिनारी
आमचा जर्मनीत. आजी म्हणजे माझ्या सासूबाई 84 वर्षांच्या, त्यांना कळेना की नातू कधी साडेतीन तास मागे तर कधी साडेचार. तिकडं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागे घेतात ना. शेवटी देवघराशेजारी दुसरं घड्याळ लावलं, ते फक्त त्याच्या वेळेचं. आता आम्हाला सांगतात, थांबा गं, तो झोपला असेल.

गाडीतळ
अवांतर, पण महाराष्ट्र एक्सप्रेसनं सांगली ते नागपूर म्हणजे सोबत धपाटे आणि दही हवंच.

नवखी_आई
पुढच्या आठवड्यात मुलगा जाणार आहे. मला रॅगिंगची फार धास्ती वाटते, झोप लागत नाही.

परभणीकर
@नवखी_आई ताई, ॲडमिशनच्या वेळी मुलाकडून आणि पालकाकडून अँटी-रॅगिंगचं हमीपत्र भरून घेतात, ते वाचून घ्या. यूजीसीची हेल्पलाइन आहे 1800-180-5522, चोवीस तास. मुलाच्या आणि तुमच्या दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा. आणि रेक्टरना पहिल्याच दिवशी समोरासमोर भेटून या. मिस्टरांना सोबत न्या, त्यांनाही धास्ती असणार, ते बोलत नसतील.

नवखी_आई
खरंय, ते नुसते बॅगेची चेन तपासत असतात. आज विचारते. अजून एक, मेतकूट द्यायचंय, प्रमाण सांगा कुणीतरी. टिकतं ना?

पोळपाट
हरभरा डाळ 1 वाटी, उडीद डाळ अर्धी, तांदूळ पाव, थोडे गहू, धणे, जिरे, जराशी मोहरी. सगळं वेगवेगळं मंद आचेवर भाज, घाई करू नकोस, पूर्ण गार झालं की हळद हिंग घालून दळ. कोरड्या बरणीत महिनाभर आरामात राहतं. तूप मात्र वेगळ्या डबीत दे, आणि डबी प्लास्टिकच्या पिशवीत घालून दे, नाहीतर कपड्यांना लागतं.

बंकबेड
आणि जास्तच द्या काकू, रूममेट पहिल्या दिवशीच संपवतात. @परभणीकर काका, ती कागदांची फाईल नीट ठेवा हं, स्कॉलरशिपचा फॉर्म दरवर्षी भरावा लागतो.

परभणीकर
ठेवलीय गं. झेरॉक्सचे दोन सेट पण काढून ठेवलेत.