घास कधी द्यायचा हे रोबॉटने का ठरवायचं?

तिखटमीठ (धागाकर्ता)

शेजारच्या धाग्यावर एका उत्साही सदस्याने ठोकून दिलंय, "मशीन लर्निंगला माणसाचं मन वाचता आलं की परावलंबी म्हातारपणाचा प्रश्न निकालात. भरवणारा रोबॉट आलाच आहे." तिथेच प्रतिसाद लिहायला घेतला, तो लांबत गेला, म्हणून वेगळा धागा.

मन कुणाचं वाचलं ते आधी बघा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या २०२२च्या कामात, चारचौघांत जेवताना घास कधी पुढे करायचा हे मॉडेल शिकलं ते एकत्र जेवायला बसवलेल्या तीन-तीन जणांच्या ३० गटांवरून. कोण कुणाकडे बघतंय, कोण बोलतंय, त्यावरून अंदाज. सगळे आपल्या हाताने जेवणारे! ज्याला घास गिळायलाच वेळ लागतो त्याची वेळ यावरून ठरणार?

दुसरं म्हणजे माणसाच्या वागण्यावरून त्याच्या मनातलं ओळखू पाहणाऱ्या या क्षेत्राचं लाडकं गृहीतक. माणूस बऱ्यापैकी शहाणा असतो, ज्यात फायदा जास्त ते तो बहुधा करतो, उरलेलं नॉईज, म्हणजे अर्थ नसलेली गडबड. हात थरथरला, नॉईज. मध्येच मन बदललं, नॉईज. माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स आहे. भाजीच्या वाटीकडे गेलेला हात ते मुद्दाम मागे घेतात, कारण कुणीतरी वाटी पुढे सरकवली. रागाने उपाशी उठतात. हे कुठल्या फायद्यात बसवायचं?

आणि २०१२चा अमेरिकेतल्या सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातला अभ्यास तर सोयीस्करपणे विसरला जातो. मज्जारज्जूला इजा झालेले लोक, यांत्रिक हात. आपोआप चालणाऱ्या हाताने कष्ट कमी पडले, पण समाधान जास्त कुणाचं? जे स्वतः चालवत होते त्यांचं.

धुकेरी_सिएटल

याच विषयात पीएचडी करतोय, म्हणून राहवलं नाही. तुम्ही तो हात जॉयस्टिकने कधी चालवलाय का? व्हीलचेअरला लावतात तो किनोव्हा कंपनीचा यांत्रिक हात घ्या. सहा सांधे, वर बोटं. जॉयस्टिक दोन-तीन दिशांची. म्हणजे आधी हात पुढे न्यायचा मोड, मग बटण, मग मनगट फिरवायचा मोड, परत बटण, मग बोटं. ग्लास तोंडाशी येईस्तोवर तहान मरते. ज्याला फक्त मान हलवता येते त्याने हे कसं करायचं?

म्हणून मशीन अंदाज बांधतं, ग्लासकडे निघालाय की बशीकडे. २०१५मध्ये जावदानी, श्रीनिवास आणि बॅग्नेल या संशोधकांनी हेच मांडलं: एकाच हेतूवर शिक्का मारू नका, सगळ्या शक्यता तोलत जेवढी करता येईल तेवढी मदत करा. "मन वाचणं" हे शब्द पत्रकारांचे, आमच्या माथी मारू नका.

फडताळ

अवांतर आहे, पण या रोबॉटच्या व्हिडिओत बघावं तेव्हा काट्याला द्राक्ष, गाजर, केळ्याचा तुकडा. आमटीभाकरी कशी टोचणार?

धुकेरी_सिएटल

चमच्यावरही काम चालू आहे. काट्याला बल मोजणारा सेन्सर असतो, पदार्थ मऊ की कडक ते कळतं.

फडताळ

काला किती भिजलाय, गरम आहे का, हे बोटांना कळतं. आईला भरवताना मी काल्यातून मिरचीचं साल आणि कढीपत्त्याचा देठ चाचपून काढायचे. एखादा राहिला की ठसका, आणि मग तासभर ती तोंडच उघडायची नाही. त्या देठाचा डेटासेट केलाय कुणी?

अर्धाकप

झालं! आली संस्कृती. चमच्याने खाल्लं तर काय धाड भरते? इथे रुग्णाचा विषय चाललाय, आजीच्या हातच्या काल्याचा नाही.

फडताळ

मी रुग्णाबद्दलच बोलतेय. तुम्ही कुणाला भरवलंय का कधी? नसेल तर गप्प बसायलाही हरकत नाही.

माई_सातारा

भांडू नका रे. यांना अर्धांगवायू झाल्यावर ब्युरोची बाई ठेवली होती. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने घास. यांचा आधीचा गालातच असायचा, उजव्या बाजूला, तिकडे त्यांना कळायचं नाही. मी बोट घालून काढायचे. रोबॉट निदान रील तरी बघणार नाही.

ढोरमेहनत

माई, बारा तासांची ड्युटी, कमिशन ब्युरोच्या खिशात, सुट्टी मागितली की दुसरी बाई. तिच्या हातात किती पडत होते ते विचारलंत का कधी? तिचा दोष दिसतो, तिचा पगार दिसत नाही.

माई_सातारा

हो बाबा. नवरा माझा, ठसका त्याला, आणि चूकही माझीच.

अर्धाकप

धागा रोबॉटवर होता असं स्मरतं.

तिखटमीठ

माईंचा मुद्दा अवांतर नाही. गालात राहिलेला घास कॅमेऱ्याला बाहेरून दिसणार कसा? आणि धुकेरी, तुमच्याच लोकांचा लाडका हेन्री इव्हान्स. २००२मध्ये स्ट्रोक, वाचा गेली, हलते ती मान आणि एक बोट. त्याने पीआर-टू रोबॉट घेऊन दहा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची खाज स्वतः खाजवली. मान हलवून कर्सर फिरवला, हुकूम सोडले. कुठे खाजतंय याचा अंदाज कुणी बांधत बसलं नव्हतं.

धुकेरी_सिएटल

हुकूम दिल्यावर हात तिथवर नेणारं सॉफ्टवेअर आकाशातून पडलं नव्हतं. पण घ्या, तुमच्या हाती आणखी एक कोलीत देतो. २०२०च्या आमच्या विद्यापीठातल्या अभ्यासात, अर्धीमुर्धी ऑटोनॉमी (म्हणजे आपलं आपण ठरवून काम करणं) असलेला रोबॉट लोकांना कमी ऑटोनॉमीवाल्यापेक्षा जास्त आवडला, असं दिसलं नाही. शिवाय एकटं जेवताना आवाजी हुकूम पसंत, चारचौघांत मात्र वेबपानावरूनच. सगळ्यांसमोर "घास दे" म्हणायला कुणाला आवडेल! पण हे कळलं ते लोकांना विचारलं म्हणून, म्हणजे संशोधनानेच.

तिखटमीठ

वा. म्हणजे सासऱ्यांना विचारायला हवं होतं, हे सिद्ध करायला विद्यापीठ लागलं. संशोधनाला दंडवत.

माई_सातारा

ते सगळं ठीक. मिळतो कुठे आणि पडतो कितीला?

धुकेरी_सिएटल

हातासारखे मोठे बहुतेक लॅबमध्येच आहेत. टेबलावर ठेवायचा भरवणारा रोबॉट इथे विकत मिळतो, पण हजारो डॉलर. आणि त्याच्या वाट्यांत जेवण वाढून द्यायला माणूस लागतोच.

ढोरमेहनत

बघा. हजारो डॉलर देऊनही वाढायला बाई लागणारच. तिला महिना पाचशे वाढवा म्हटलं की मात्र धागा अवांतर होतो.