पावसाळ्यात मेंढ्यांना आसडी पडते, म्हणजे जखमेत किंवा ओल्या लोकरीत माशीच्या अळ्या होतात. उपचार करूनही आठ दिवसांत पुन्हा का उद्भवते?

प्रश्न (भूम तालुका, जि. धाराशिव):

माझ्याकडे 85 दख्खनी मेंढ्यांचे खांड आहे. गेल्या पावसाळ्यात आसडीने एक मेंढी आणि दोन कोकरे दगावली, आणि यंदाही श्रावण लागताच तोच प्रकार सुरू झाला आहे. मध्यंतरी एक मेंढी चरायची सोडून बाजूला उभी राहिली. ती सारखी शेपटी झटकत होती, मागचा पाय आपटत होती आणि मान वळवून कुल्ल्याकडे चावायला जात होती. जवळ जाऊन पाहिले तेव्हा शेपटीखालची लोकर काळपट, ओली आणि कुबट वासाची होती. ती बोटांनी फाकवल्यावर आत तांदळाच्या दाण्याएवढ्या अळ्यांचा गोळा वळवळताना दिसला. अळ्या काढून टर्पेंटाइनचा बोळा लावला, परंतु आठव्या दिवशी त्याच ठिकाणी पुन्हा अळ्या होत्या. शेजारचे शेतकरी कपाशीवर फवारायचे औषध पाण्यात मिसळून ओतण्यास सांगतात. ते करावे का, आणि मुळात हे थांबवावे कसे?

उत्तर 1 (पशुवैद्यक, लातूर जिल्हा):

प्रथम शेवटच्या मुद्द्याचे उत्तर देतो: कपाशीचे औषध मेंढीच्या अंगावर, विशेषतः उघड्या जखमेवर, कधीही ओतू नये. त्यातील बरीचशी औषधे कातडीतून थेट रक्तात जातात. मग मेंढीची लाळ गळू लागते, अंग थरथरते, श्वास अडकतो आणि डॉक्टर पोहोचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आसडीने मेलेल्या मेंढ्यांइतक्याच अशा औषधाने मेलेल्या मेंढ्या मी पाहिल्या आहेत, हे खेदाने नमूद करतो.

आता आठ दिवसांचा हिशेब पाहू. आपल्याकडच्या पावसाळी हवेत माशीची अंडी साधारणतः 12 ते 24 तासांत फुटतात. अळ्या पाच ते सात दिवस मांस खातात, नंतर जमिनीवर गळून मातीत कोष करतात आणि त्यातून नवी माशी निघते. म्हणजे आठव्या दिवशी आपल्याला दिसलेल्या अळ्या बहुधा जुन्या उरलेल्या नव्हत्या. जखमेचा आणि घाणीच्या लोकरीचा वास तसाच राहिल्यामुळे माशीने तिथे पुन्हा अंडी घातली होती. आपण अळ्या काढल्या, पण माशीला बोलावणारा वास काढला नाही.

आसडीचे दोन प्रकार ओळखणे आवश्यक आहे. एका प्रकारात माशी केवळ जिवंत जनावराच्या जखमेवर अंडी घालते. काट्याची ओरखड, गोचीड चावल्याची जागा किंवा ओली नाळ तिला पुरते, आणि अळ्या डोके आत खुपसून मांसात खोल शिरतात. दुसऱ्या प्रकारात हगवणीने किंवा मूत्राने भिजलेल्या लोकरीवर अंडी पडतात आणि अळ्या प्रथम कातडीच्या वरवर पसरतात. दोन्ही माश्या हिरवट-निळसर चकाकतात, त्यामुळे माशी पाहून निदान करू नये. जखम पाहूनच करावे. आपल्या मेंढीचे वर्णन दुसऱ्या प्रकाराचे वाटते, मात्र कोकरांमध्ये नाळेपासून सुरुवात झाली असण्याची शक्यता अधिक आहे.

उपचार करताना ओल्या भागाच्या पलीकडे चार बोटे कोरडी लोकर दिसेपर्यंत कातरावे. टर्पेंटाइनचा बोळा काही मिनिटेच ठेवावा, कारण अळ्या वर आल्या की त्याचे काम संपते. तो तसाच सोडल्यास कच्चे मांस भाजते. नंतर हातमोजे घालून चिमट्याने अळ्या काढाव्यात (ही माशी माणसाच्या जखमेतही अळ्या करू शकते), फिकट गुलाबी पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे आणि माशी न बसू देणारे मलम जखमेच्या कडेने लावावे. काढलेल्या अळ्या वाड्यात टाकू नयेत, उकळत्या पाण्यात टाकाव्यात. अन्यथा आपणच पुढच्या पिढीची पेरणी करतो. आयव्हरमेक्टिन कातडीखाली 0.2 मिलिग्रॅम प्रतिकिलो, म्हणजे 1 टक्क्याच्या औषधाचे 30 किलोच्या मेंढीला साधारण 0.6 मिलिलिटर, या प्रमाणात देतात. परंतु ते डॉक्टरांकडूनच घ्यावे आणि बाटलीवर दिलेल्या मुदतीपर्यंत ते जनावर कसायाला देऊ नये. जखम खोल असेल किंवा मेंढी खात नसेल, तर 1962 या क्रमांकावर फोन करून फिरते पशुवैद्यकीय पथक मागवावे.

उत्तर 2 (मेंढपाळ, बीड जिल्हा):

डॉक्टरसाहेबांचे म्हणणे बरोबर आहे. मी फक्त आमच्या वाड्याचा अनुभव जोडतो. आमच्या घरी मृगाच्या आधी एक कातरणी होते, आणि त्या वेळी शेपटीभोवतीची व मांड्यांच्या आतली लोकर मुळाशी काढली जाते. कातरीने कातडी थोडीशी जरी तासली गेली, तरी आमच्या आईचे हात आधी हळदीकडे जात असत. आता आम्ही टिंक्चर आयोडीन लावतो. कोकरू जन्मले की नाळेलाही तेच लावतो.

माझ्या मते खरे मूळ हगवणीत आहे. पहिल्या पावसानंतरचे कोवळे, दव पडलेले गवत पोटभर चारले की चार दिवसांत मागची बाजू चिकट होते. त्यामुळे ऊन चढल्यावरच कळप सोडावा आणि जंताचे औषध पावसाआधी दिलेले असावे. वाघूर, म्हणजे रात्री कळप बसवायचे जाळ्याचे कुंपण, काळ्या मातीच्या खोलगट रानात लावू नये. खत मिळते म्हणून शेतकरी तिथेच बसवायचा आग्रह करतो आणि धान्यही देतो, पण चिखलात बसलेली मेंढी सकाळी ओलीच उठते. आम्ही मुरमाड उतार पाहून बसतो आणि जागा बदलत राहतो. मेलेले जनावर ओढ्यात न टाकता खोल पुरावे, कारण लोकरीवर बसणारी माशी मढ्यावरही वाढते.

सीताफळाच्या पाल्याचा वाटलेला चोथा आम्हीही वापरतो आणि अळ्या त्याने बाहेर येतात, मात्र रस डोळ्यात गेल्यास फार दाह होतो, म्हणून तोंडाजवळ लावू नये.

प्रश्न (जालना जिल्हा):

ऑस्ट्रेलियात मेंढीच्या शेपटीजवळची कातडीच कापून टाकतात, असे वाचले. आपल्याकडे त्याचा उपयोग होईल का?

उत्तर (पशुवैद्यक):

नाही. तेथील मेरिनो मेंढीच्या मागच्या भागावर कातडीच्या वळ्या असतात आणि त्यांत घाण साठते, म्हणून ती पद्धत तिथे निघाली व तिच्यावर टीकाही बरीच झाली. दख्खनीच्या अंगाला तशा वळ्या नसतात आणि शेपटीही आखूड असते. ताजी जखम करून आपण माशीला जागाच करून देऊ.

मूळ प्रश्नकर्ता:

सर्वांचे आभार. काल सकाळी वाघूर उघडण्याआधी 85 मेंढ्या एकेक करून पाहिल्या. चार मेंढ्यांची मागची लोकर चिकट होती, ती कातरली. एका मेंढ्याच्या शिंगाच्या बुडाशी, टक्कर घेताना पडलेल्या चिरेच्या कडेला, माशीच्या अंड्यांचा खसखशीसारखा पांढरट थर एकावर एक चिकटलेला होता. अळी अजून एकही नव्हती. तो थर सुरीच्या बोथट बाजूने खरवडून जाळला आणि कडेने मलम लावले. हा मेंढा आणि जुनी जखमी मेंढी आता कळपातून वेगळ्या दावणीला ठेवली आहेत. यापुढे रोज वाघूर उघडण्याआधी अशीच तपासणी करणार आहे, कारण दुपारी कळप पांगल्यावर चिरेवरचा असा थर दिसणे शक्य नाही.