सांगलीत कुत्र्या-मांजरांसाठी बोर्डिंग टाकावं का ग्रूमिंग?

मनीमाऊ_विश्रामबाग:
नमस्कार मंडळी. काही वर्षं पुण्यात पेट ग्रूमिंगचं, म्हणजे कुत्र्या-मांजरांना अंघोळ घालणं, केस विंचरणं-कापणं, असं काम केलं, आता घरच्यांसाठी सांगलीला परत आलेय आणि इथंच काहीतरी सुरू करायचं डोक्यात आहे. शंभर फुटी रस्त्याला संध्याकाळी चक्कर मारली तर एखादा लॅब नाहीतर शिह त्झू फिरायला निघालेला दिसतोच, लोक त्यांना "चल बाळा" म्हणून हाक मारतात, वाढदिवसाला केक कापतात. पण बाबा म्हणतात, पुण्याची गोष्ट वेगळी, इथं कुत्र्यावर कोण पैसे घालतंय. इथली लोकं खरंच कशाला पैसे देतील? स्पष्ट सांगा.

मिरज_मार्केट:
ताई, गिऱ्हाईक म्हणून सांगतो. अंघोळ आम्ही गच्चीवर घालतो, त्याला पैसे द्यायला लोक का-कू करणार. अडतंय ते गावाला जाताना. लग्नसराईत आमच्यातलं कुणीतरी एक जण लग्न सोडून घरी थांबतं, कारण आमचा ब्रुनो शेजाऱ्यांच्या हातचं खातच नाही. मागं एकदा एका ठिकाणी ठेवलेला, फोन केला की "बरा आहे" एवढंच सांगायचे आणि आणायला गेलो तर पोट खपाटीला गेलेलं, कानामागं गोचिडंच गोचिडं. तेव्हापासून आमची मंडळी ऐकतच नाहीत. त्याचीच चादर, त्याचीच वाटी, आमच्यासारखीच भाकरी-अंडं आणि रात्री जेवताना एक व्हिडिओ, एवढं केलंत तर पैशाला मागंपुढं बघणार नाही. आणि बाबांना सांगा, बेंदराला बैलाला पोळी चारल्याशिवाय आपल्यात कोण जेवत नव्हतं. जनावराला घरातलं मानायची रीत आपली जुनीच आहे.

शिरवळचा_डॉक्टर:
मी शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजमधून शिकलो, आता प्रॅक्टिस करतो. बोर्डिंग करा, पण रेबीज आणि सेव्हन-इन-वनच्या (बऱ्याच आजारांवरच्या एकत्र) लसीचं कार्ड बघितल्याशिवाय एकही कुत्रा आत घ्यायचा नाही, मग तो सख्ख्या मावशीचा असला तरी. पार्व्हो म्हणजे कुत्र्यांचा उलट्या-जुलाबाचा जीवघेणा आजार, त्याचा विषाणू फरशीवर, मातीत महिनोन्महिने टिकतो, फिनेलनं मरत नाही, आधी फरशी घासून मग पातळ केलेलं ब्लीच दहा मिनिटं ठेवायला लागतं आणि नंतर धुवायचं. मांजरं ठेवणार असाल तर फिनेल घरातच नको, पंजे चाटले की पोटात जातं आणि त्यांना ते विषारी आहे. खाऊ करणार असाल तर कांदा, लसूण, चॉकलेट बंद. बेदाणेसुद्धा, हे मुद्दाम सांगतोय कारण तासगाव जवळ, घराघरात बेदाणे असतात, लोक कौतुकानं चार दाणे कुत्र्यालाही देतात आणि त्यानं किडनी निकामी होऊ शकते. इंजेक्शन, सलाईन स्वतः द्यायला जाऊ नका, ते नोंदणीकृत डॉक्टरचंच काम. आणि पिल्लं विकायच्या नादाला लागू नका. 2017 चे ब्रीडिंगचे नियम आहेत, 2018 चे पेट शॉपचे आहेत, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. सर्रास विकतात, बघून जीव तुटतो.

सातारा_गोडोली:
माझं मत जरा वेगळं आहे, मी साताऱ्यात हेच करते. बोर्डिंग म्हणजे चोवीस तास बांधून घेणं, रात्री एक भुंकला की सगळे सुरू आणि सकाळी शेजारी दारात. आधी घरोघरी जाऊन ग्रूमिंग कर, क्लिपर, ड्रायर आणि घडीचं टेबल एवढ्यावर होतं. तुझ्या हाताखाली कुत्रा शांत उभा राहतो हे मालकानं डोळ्यानं बघितलं की चार महिन्यांनी तोच विचारतो, दिवाळीत ठेवून घेशील का. फटाक्यांच्या दिवसांत तर फोन थांबत नाहीत. एक मात्र पाळ, उन्हाळ्यात हस्की नाहीतर गोल्डनवाले सगळे केस काढून टाका म्हणतात, ठाम नाही म्हणायचं. आतली मऊ लव मोकळी करून विंचरली की पुरे, ते केसच त्यांना उन्हापासून वाचवतात. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. बाकी उलाढाल 20 लाखांच्या आत आहे तोवर जीएसटीची काळजी नाही.

मनीमाऊ_विश्रामबाग:
खूप आभार सगळ्यांचे. ग्रूमिंगनंच सुरुवात करते मग. पण बोर्डिंगसाठी सांगलीवाडीत नातेवाइकांचं जुनं घर स्वस्तात मिळतंय, अंगण पण मोठं आहे, ते धरून ठेवू का?

कृष्णाकाठ:
अजिबात नको पोरी. 2019 चा ऑगस्ट आणि 2021 चा जुलै, दोन्ही वेळा तिथं पाणी आलेलं. पिंजऱ्यात लोकांची जनावरं असताना रात्रीत पाणी चढलं तर काय करशील? आमच्या गल्लीतली एक आजी मांजरांना सोडून बोटीत बसायला तयारच नव्हती, शेवटी पिशवीत घालून नेली तेव्हा उतरली. पूरपट्ट्यातल्या लोकांची जनावरं त्या दिवसांत ठेवून घेणारं कुणीतरी उंचावर पाहिजेच आहे, ते तू कर. भाडं जास्त पडलं तरी कुपवाडच्या बाजूला बघ. तिकडं कंपाउंडवालं एक घर रिकामं आहे माझ्या ओळखीत, मेसेज कर, मालकाशी बोलतो.