'अस्सल' की 'दुरुस्त'? जुन्या लष्करी रायफलीच्या पाटीसाठी शब्द हवाय

नमस्कार मंडळी, नागपूरहून लिहितोय. मी ज्या शाळेत शिकलो तिथल्या एनसीसीच्या खोलीत एक जुनी थ्री नॉट थ्री म्हणजे .३०३ ची ली-एनफिल्ड रायफल आहे, डीपी म्हणजे ड्रिल पर्पजची, झाडायची नाही फक्त कवायतीची, आणि २६ जानेवारीला ती पोरांना बघायला मांडणार आहेत तर तिची मराठी पाटी लिहायचं काम माझ्याकडे आलंय. बोल्टच्या (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) दांडीखाली जी पोलादी पट्टी असते, बट सॉकेट, त्यावर मुकुट, त्याखाली जीआरआय (ब्रिटिश राजा जॉर्जची आद्याक्षरं), इशापूर (बंगालमधला रायफल कारखाना) आणि १९४२ असं स्पष्ट वाचता येतं. दुसऱ्या बाजूला एफटीआर आणि स्वातंत्र्यानंतरचं एक साल ठोकलंय. एफटीआर म्हणजे फॅक्टरी थरो रिपेअर, कारखान्यात पूर्ण खोलून, झिजलेले पार्ट बदलून, तपासून परत बांधलेली.

मी मसुद्यात हे लिहिलं तर एक सर म्हणाले, "म्हणजे ही अस्सल नाहीये, तसं लिहून टाका." मला ते फार लागलं. माझे बाबा फौजेत आर्मरर, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे, होते, आयुष्यभर त्यांनी हेच काम केलं. त्यांच्या हातून गेलेली रायफल 'अस्सल नाही' कशी? पण मग ओरिजिनल आणि रिफर्बिश्ड यांच्यातला फरक मराठीत दाखवायचा कसा हेही मला नीट सुचत नाहीये. आणि सरप्लसला काय म्हणायचं? मदत करा.

प्रतिसाद:
सोपं आहे की. ओरिजिनल म्हणजे मूळ, रिफर्बिश्ड म्हणजे नूतनीकृत.

प्रतिसाद:
'नूतनीकृत' नका लिहू दादा, कृपया. बंदुकीच्या बाजूला 'नूतनीकरण' दिसलं की माणसाला पहिलं शस्त्र परवान्याचं नूतनीकरणच आठवतं. वाचणारा म्हणेल लायसन रिन्यू केलंय वाटतं. 'पुनर्निर्मित' तर त्याहून चूक, ते म्हणजे नव्यानं बनवली असं होतं.

'अस्सल'बद्दल मात्र सविस्तर सांगते, कारण गोंधळ तिथेच आहे. अस्सल हा अरबीतून आलेला, असल म्हणजे मूळ, झाडाचं मूळ असतं ना तेच. म्हणजे 'मूळ' आणि 'अस्सल' एकाच अर्थाचे दोन शब्द आपण दोन भाषांतून घेतले आणि मग त्यांची कामं वेगळी केली. जुन्या दफ्तरांत 'अस्सल बरहुकूम नक्कल' असं लिहिलेलं सापडतं, म्हणजे मूळ कागदाप्रमाणे केलेली प्रत. आजही कोर्टात नक्कल काढायला अर्ज करावा लागतो. म्हणजे मराठीत अस्सलचा जोडीदार 'नक्कल' आहे, 'दुरुस्त' नाही. तुम्ही एखाद्या वस्तूला 'अस्सल नाही' म्हटलंत की ऐकणारा तिला थेट नकली समजतो, मधे कुठे थांबतच नाही. तुमची रायफल इशापूरलाच बनली, फौजेनेच वापरली, फौजेसाठीच दुरुस्त झाली. ती अस्सलच आहे. मूळ स्थितीत नाही एवढंच. ही दोन वेगळी वाक्यं आहेत आणि पाटीवर दोन्ही यायला हवीत.

प्रतिसाद:
ताईंचं पटलं. आमच्याकडे नागपूरच्या महाल भागात कल्हईवाला यायचा, आजीची पितळेची पातेली दर वर्षी कल्हई करून घ्यायची, कोणी कधी म्हटलं का की कल्हई केली म्हणजे पातेलं अस्सल राहिलं नाही?

प्रतिसाद:
भाऊ, पातेल्याची गोष्ट बरोबर हाय पण पुरी नाही नं. माझं सेकंडहँड गाड्यांचं काम हाय, सक्करदऱ्याले. आमच्याकडे गिऱ्हाईक येते तं पहिला प्रश्न हाच, इंजिन खोललं का? पेंट कंपनीचा हाय का मारला? 'खोललेली' आन् 'न खोललेली' हे दोनच शब्द अख्ख्या मार्केटमंदी चालते आन् भाव त्याच्यावरच ठरते. इंजिन चांगल्या हातानं बांधलं असंल तं गाडी न खोललेलीपेक्षा मस्त चालते, पण सांगा लागते बाप्पा, लपवलं तं फसवणूक होते. मले वाटते तुम्ही 'खोलून बांधलेली' लिवा, शाळेतले पोट्टे लगेच समजन.

प्रतिसाद (प्रश्न विचारणारा मीच):
भाऊ, तुम्ही 'खोलून बांधलेली' म्हटलं आणि मला बाबांचा आवाजच आला. ते हिंदी-मराठी मिसळून बोलायचे, "ये खुली हुई है" किंवा "ही कधी खोललीच नाही." लहानपणी मी त्यांना विचारायचो की बघून कसं कळतं, तर ते सांगायचे की आधी नंबर बघ. या रायफलीत एकच नंबर बॉडीवर, नळीवर, बोल्टच्या दांडीच्या मागे, नेम धरायच्या मागच्या साईटच्या पानाखाली आणि पुढच्या नोजकॅपवर, म्हणजे नळीच्या तोंडाजवळच्या टोपीवर असतो. सगळे जुळले तर चांगली खूण, पण तेवढ्यावर थांबू नको म्हणायचे, कारण कारखान्यात बोल्ट बदलला की जुना नंबर काटून नवा ठोकतात. मग अक्षरांच्या कडा बघायच्या. पॉलिशच्या चाकावर घासलेलं असेल तर ठोकलेल्या खुणांच्या कडा गोल होतात. गंजाचे खड्डे आहेत आणि त्या खड्ड्यांच्या आतही एकसारखा काळा रंग आहे, तर रंग गंजानंतरचा. लाकूड घासलेलं असलं की पोलाद लाकडाच्या किंचित वर येतं, मूळ जोडणीत दोन्ही बोटाला जवळपास सपाट लागतात आणि लाकडावरचे शिक्के खोल असतात. आणि स्क्रूच्या खाचा, त्या चुरलेल्या असल्या की कोणीतरी चुकीच्या पेचकसानं घाई केलीय. बाबांना बाकी कशाचा राग यायचा नाही, चुरलेल्या खाचेचा यायचा.

आमच्या शाळेच्या रायफलीत बोल्टचा नंबर काटलेला आहे, नोजकॅपचा जुळतो. खाचा एकदम स्वच्छ आहेत.

प्रतिसाद:
इथे अजून एक भेद करायला हवा, नाहीतर सगळी दुरुस्ती एकाच पोत्यात जाईल. हात कोणी लावला? दुसऱ्या महायुद्धात रशियनांनी जर्मन माऊजर रायफली पकडल्या, नंतर त्या खोलून, पार्टांची सरमिसळ करून परत बांधल्या आणि जुने नंबर काटून नवे कोरले. रशियाच्या स्वतःच्या मोसिन-नागां रायफलींवर तर दुरुस्तीचा शिक्काच असतो, चौकोन आणि त्यात तिरकी रेघ. हे उघडपणे, सरकारी शिक्क्यानिशी केलेलं काम आहे, लपवाछपवी नाही. उलट एखाद्या विक्रेत्यानं घरी बसून जुने नंबर घासले, नवे ठोकले, लाकडाला पॉलिश मारून 'ओरिजिनल' म्हणून विकली, तर तिथे 'दुरुस्त' शब्द वापरणं पाप आहे. तिथे 'बनावट' किंवा 'मुलामा दिलेली' हेच म्हणावं. इंग्रजीत दोन्हीकडे रिफर्बिश्ड चालून जातं, आपल्याकडे शब्द वेगळे आहेत तर वापरूया ना.

प्रतिसाद:
'दुरुस्त'ला उगाच कमी लेखताय सगळे. फारसीत दुरुस्त म्हणजे बरोबर, धड, साबूत. आपणही 'तब्येत दुरुस्त आहे' म्हणतो तेव्हा ठिगळ लावलंय असं म्हणत नाही. एफटीआरला 'कारखान्यात पूर्ण दुरुस्त' हे शब्दशः आणि अर्थानेही बरोबर बसतं. जीर्णोद्धार वगैरे देवळांसाठी राहू द्या.

सरप्लसचं कोणी सांगितलंच नाही. फौजेतले लोक 'कंडम' म्हणतात पण ते सरप्लस नव्हे. कंडम म्हणजे निकामी ठरवलेली. सरप्लस म्हणजे चांगली आहे पण आता लागत नाही, नवा माल आला किंवा गोळीचं माप बदललं. इशापूरलाच १९६० च्या दशकात ह्याच जातीची रायफल ७.६२ मिमीच्या गोळीसाठी बनायला लागली, मग .३०३ च्या ढीगभर चांगल्या रायफली हळूहळू बाजूला पडल्या, त्या काही कंडम नव्हत्या. 'शिलकी' मला जवळचा वाटतो, 'शिलकी लष्करी रायफल'. 'अतिरिक्त' ऐकलं की मला अतिरिक्त शिक्षक आठवतात.

प्रतिसाद:
'शिलकी' मस्त. पण यांची डीपीची आहे, ती शिलकीही नाही, ती फौजेनं कवायतीला दिलेली. डीपी शिक्का असलेली रायफल झाडायला सुरक्षित धरत नाहीत, ते पाटीवर ठळक लिहा, पोरं हात लावतात. आणि वेळ असेल तर अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, शस्त्रांचं दालन आहे, तिथल्या पाट्या एकदा वाचून या, भाषेचा अंदाज येईल.

प्रतिसाद (मीच):
सगळ्यांचे मनापासून आभार. अजब बंगल्यात रविवारी जाऊन येतो. सरांना ताईंचं अस्सल-नक्कलवालं वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं गप्प बसले आणि म्हणाले, बरोबर आहे, खोडा ते वाक्य. सध्या पाटी अशी केलीय:

"ली-एनफिल्ड रायफल, .३०३. इशापूर कारखान्यात १९४२ साली तयार झालेली अस्सल लष्करी रायफल. नंतर कारखान्यात खोलून पूर्ण दुरुस्त केलेली, म्हणून बोल्टवर जुना नंबर काटून नवा ठोकलेला दिसतो. ही कवायतीची रायफल आहे, झाडण्यासाठी नाही."

'झाडण्यासाठी'च्या जागी एका मॅडमनी 'गोळीबारासाठी' सुचवलंय, पोरं 'झाडणे' म्हणजे केर काढणे समजतील म्हणून. बाबा नेहमी 'झाडणे'च म्हणायचे, मला तोच ठेवायचाय. काय करू? उद्या दुपारी पेंटरकडे द्यायचीय.

प्रतिसाद:
झाडणेच ठेवा भाऊ. पोट्टे विचारतीन तं सांगा नं.