मदत हवी आहे: चुंबकीय उत्तेजनाने मेंदूची तपासणी पुण्यात कुठे होते?

सप्रेम नमस्कार. कोथरूडला राहणाऱ्या माझ्या मामांचा डावा पाय गेल्या वर्षापासून जड पडत चालला आहे. चालताना चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही. हा कंपवाताचा (पार्किन्सनचा) प्रारंभ आहे की मेंदूकडून मज्जारज्जूतून पायाकडे येणाऱ्या चेतामार्गातच बिघाड आहे, हे एमआरआयवरून स्पष्ट न झाल्याने डॉक्टरांनी टीएमएस (ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे डोक्याबाहेरून मेंदूला चुंबकीय उत्तेजन देण्याची) तपासणी सुचवली आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे १९८५ साली इंग्लंडमधील शेफील्डमध्ये अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी दाखवलेल्या या पद्धतीत डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून क्षणभर तीव्र चुंबकीय क्षेत्र निर्माण करतात, स्नायूवर लावलेल्या इलेक्ट्रोडने त्याचा प्रतिसाद नोंदवतात आणि मेंदूकडून स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला किती मिलिसेकंद लागले ते मोजतात. चेतामार्ग बिघडला असेल तर हा वेळ बहुधा वाढतो. कंपवातात तो सहसा वाढत नाही.

अडचण अशी की चौकशी केली तिथे यंत्र आहे, पण ते नैराश्याच्या उपचारासाठी, आणि स्नायूंचा प्रतिसाद नोंदवून निदानाचा अहवाल देण्याची सोय नाही (फोनवर तर थेट उपचारांच्या पॅकेजचेच दर सांगितले गेले). निदानासाठी ही तपासणी पुण्यात नेमकी कुठे होते, आणि साधारण खर्च किती येतो? मामांच्या गुडघ्याचे सांधेरोपण झालेले आहे; डोक्यात वा कानात धातूचे उपकरण असल्यास ही तपासणी टाळतात हे ठाऊक आहे, परंतु गुडघ्यातील धातूबद्दल कोणाला डॉक्टरांनी काही सांगितले असल्यास तेही कृपया कळवावे.