शब्दचर्चा : ‘मरणोत्तर’ गाणं नेमकं कोणाच्या मरणानंतरचं?

फीतकर :
बीटल्स या इंग्रजी बँडच्या ‘नाऊ अँड देन’ गाण्यासाठी ‘जॉन लेननचं मरणोत्तर ध्वनिमुद्रण’ असा शब्दप्रयोग वाचनात येतो. तो बरोबर आहे का? जॉनने हे गाणं १९७७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या डाकोटा इमारतीतल्या घरी, पियानोवर बसून, साध्या कॅसेटवर गायलं. तो गेला ८ डिसेंबर १९८० ला. त्याची पत्नी योकोने बँडमधल्या पॉलकडे कॅसेट दिली १९९४ मध्ये. १९९५ मध्ये पॉल, जॉर्ज आणि रिंगो या उरलेल्या तिघांनी त्यावर काम सुरू केलं आणि सोडून दिलं. २००१ मध्ये जॉर्ज गेला. गाणं बाहेर आलं २ नोव्हेंबर २०२३ ला. यातल्या कोणत्या टप्प्याला ‘मरणोत्तर’ म्हणायचं?

जोडीला दुसरा प्रश्न : ‘अनरिलीज्ड’साठी अप्रकाशित, अप्रसिद्ध, अप्रदर्शित, अप्रसारित यांपैकी काय घ्यावं?

षष्ठी :
मराठीत ‘मरणोत्तर’ हा शब्द क्रियेला लागतो. मरणोत्तर नेत्रदान, मरणोत्तर पुरस्कार : इथे दान किंवा पुरस्कार देण्याची क्रिया मृत्यूनंतर घडते. त्या न्यायाने ‘मरणोत्तर ध्वनिमुद्रण’चा अर्थ ‘मेल्यावर केलेलं ध्वनिमुद्रण’ असा होतो, आणि तो अर्थातच चूक आहे. ‘मरणोत्तर प्रकाशित’ चालेल, ‘मरणोत्तर पूर्ण केलेलं’ चालेल. नुसतं ‘मरणोत्तर गाणं’ टाळावं. आणि ‘मरणोपरांत’ लिहू नये. ते हिंदी घोषणांमधून आलं आहे, आपल्याला त्याची गरज नाही.

खरी अडचण मात्र पुढे आहे. पुरस्काराचा मानकरी एक असतो, त्यामुळे कोणाचं मरण हे सांगावं लागत नाही. चौघांच्या बँडमध्ये ते सांगावंच लागतं, आणि ‘मरणोत्तर’ला षष्ठी नीट लागत नाही. ‘जॉनच्या मरणोत्तर’ कानाला खटकतं. त्यासाठी आपल्याकडे ‘पश्चात’ आहे. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलं असा परिवार आहे’ हे वाक्य प्रत्येकाने वाचलेलं असतं. म्हणून : जॉनच्याच कॅसेटवरचं दुसरं गाणं ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ जॉनच्या पश्चात, १९९४ मध्ये पूर्ण झालं आणि १९९५ मध्ये प्रकाशित झालं. ‘नाऊ अँड देन’ जॉन आणि जॉर्ज या दोघांच्या पश्चात पूर्ण झालं. त्यात जॉर्जची गिटार १९९५ ची आहे, म्हणजे त्याच्या हयातीतली, पण जॉनच्या पश्चातची. एवढं सगळं ‘मरणोत्तर’ या एका शब्दाला पेलत नाही.

मागील पान :
‘पश्चात’ला एक हरकत. बोलण्यात तो ‘गैरहजेरीत’ या अर्थानेही येतो. बीच बॉइज या अमेरिकी बँडच्या बाबतीत घोटाळा होईल. त्यांच्या ‘सर्फ्स अप’ गाण्याचा पहिल्या भागाचा वाद्यमेळ १९६६ चा. १९७१ मध्ये बँडमधल्या कार्ल विल्सनने त्यावर मुख्य आवाज दिला, पुढच्या भागाला त्याचा भाऊ ब्रायनचं १९६६ चं पियानोवरचं एकट्याचं गायन जोडलं आणि शेवटी समूहस्वर वाढवले. या कामापासून ब्रायन सुरुवातीला लांबच होता. इथे कोणी ‘ब्रायनच्या पश्चात पूर्ण झालं’ असं लिहिलं तर वाचक समजेल की ब्रायन तेव्हा हयात नव्हता. तो गेला २०२५ मध्ये.

षष्ठी :
हरकत मान्य. हयात माणसासाठी सरळ ‘ब्रायन नसताना’ लिहावं. ‘पश्चात’ मृत्यूपुरता राखला तर गोंधळ राहत नाही, आणि लेखी मराठीत तो बहुतांशी तसाच राखलेला आहे.

लाँगप्ले :
‘अनरिलीज्ड’चं आधी उरकू. ‘अप्रसिद्ध’ नको. पूर्वी ‘प्रसिद्ध करणे’ म्हणजे छापून बाहेर काढणे असायचं, पण आजचा वाचक त्याचा अर्थ ‘फारसं कोणाला माहीत नसलेलं’ असा घेतो. ‘अप्रदर्शित’ चित्रपटाला ठीक. ‘अप्रसारित’ का नको त्याचं उत्तर ‘कार्निव्हल ऑफ लाइट’ देतं. बीटल्सनी ५ जानेवारी १९६७ ला केलेलं हे सुमारे १४ मिनिटांचं ध्वनिमुद्रण लंडनच्या राउंडहाउसमधल्या कार्यक्रमात लोकांपुढे वाजवलं गेलं. म्हणजे ते ऐकवलं गेलं आहे, पण आजवर तबकडीवर किंवा अन्य कुठल्या रूपात विक्रीला आलेलं नाही. १९९६ च्या ‘अँथॉलॉजी’ या बीटल्सच्या संग्रहात ते घ्यावं अशी पॉलची इच्छा होती, जॉर्जने नकार दिला. ‘अप्रकाशित’ हाच शब्द इथे तंतोतंत बसतो. आपल्याकडे ध्वनिफितीचं ‘प्रकाशन’च होत आलं आहे, त्यामुळे तो पुस्तकांपुरता आहे असंही नाही.

‘अंशतः प्रकाशित’ हाही प्रकार लक्षात असू द्या. आबा (ABBA) या स्वीडिश बँडचं १९८२ चं ‘जस्ट लाइक दॅट’ हे गाणं घ्या. त्यांच्या गाण्यांच्या १९९४ च्या संचातल्या ‘आबा अनडिलीटेड’ या सुमारे २३ मिनिटांच्या तुकडेजोडीत त्याचा फक्त एक भाग ऐकू येतो. चौघेही हयात असताना अडून राहिलेलं गाणं ते. म्हणजे अप्रकाशित आणि मरणोत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एका दमात उच्चारू नयेत.

बुटलेगला ‘पायरेटेड’ म्हणणंही थांबायला हवं. पायरेटेड म्हणजे प्रकाशित मालाची चोरटी नक्कल. बुटलेगमध्ये जे प्रकाशितच नाही ते बाहेर येतं. ‘चोरटी नक्कल’ आणि ‘चोरून बाहेर काढलेलं ध्वनिमुद्रण’ असा फरक ठेवावा, नाहीतर सरळ ‘बुटलेग’ लिहावं.

पाचगणीकर :
क्वीन या बँडबद्दल लिहिताना हा गोंधळ सगळ्यात जास्त होतो. त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला, त्यामुळे महाराष्ट्रात त्याच्याबद्दल आपुलकीने लिहिलं जातं आणि ‘मेड इन हेवन’ला सरसकट ‘मरणोत्तर अल्बम’ म्हटलं जातं. अल्बम नोव्हेंबर १९९५ चा, फ्रेडी गेला २४ नोव्हेंबर १९९१ ला. पण आतली गाणी एका जातीची नाहीत.

‘मदर लव्ह’ : मे १९९१, मॉन्ट्रोचा माउंटन स्टुडिओ, ड्रम मशीनच्या ठेक्यावर गायलेला आवाज. शेवटचं कडवं राहिलं. ते बँडचा गिटारवादक ब्रायन मेने गायलं. शेवटी १९८६ च्या वेम्बली मैफलीतला श्रोत्यांचा आवाज आणि फ्रेडीच्या १९७२ च्या एका ध्वनिमुद्रणातला तुकडा जोडला आहे. हे खरंखुरं ‘फ्रेडीच्या पश्चात पूर्ण केलेलं’.

‘मेड इन हेवन’ आणि ‘आय वॉज बॉर्न टू लव्ह यू’ ही गाणी फ्रेडीने स्वतःच्या १९८५ च्या ‘मिस्टर बॅड गाय’मध्ये पूर्ण करून प्रकाशित केली होती. नंतर त्याचा आवाज ठेवून बाकी वाद्यं बँडने नव्याने वाजवली. यांना ‘पूर्ण केलेलं’ म्हटलं तर आधी ती अपूर्ण होती असं ध्वनित होतं. ‘नव्याने साज चढवलेलं’ म्हणावं.

‘यू डोन्ट फूल मी’ तर निर्माता डेव्हिड रिचर्ड्सने तुकड्यातुकड्यांतून उभं केलं. त्याला ‘रचलेलं’ हाच शब्द.

मागील पान :
याच रांगेत डोअर्स या बँडचं ‘अ‍ॅन अमेरिकन प्रेअर’ येतं. त्यांचा गायक जिम मॉरिसनने डिसेंबर १९७० मध्ये, आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, कविता वाचून ध्वनिमुद्रित केल्या. तो जुलै १९७१ मध्ये गेला. उरलेल्या तिघांनी संगीत करून अल्बम काढला १९७८ मध्ये. पूर्ण करायला तिथे अर्धं गाणं नव्हतंच, नुसतं वाचन होतं. उलट टोकाला जॉय डिव्हिजन या बँडचं ‘क्लोजर’ : ध्वनिमुद्रण मार्च १९८०, गायक इयन कर्टिस गेला १८ मे ला, तबकडी जुलैत. त्यात नंतर कोणी गाणं भरून काढलेलं नाही. ते फक्त ‘मरणोत्तर प्रकाशित’.

फीतकर :
‘पूर्ण’ या शब्दावरच माझं अडतं. ‘नाऊ अँड देन’च्या कॅसेटवर ध्रुवपदाआधी एक भाग आहे, जो २०२३ च्या गाण्यात नाही. बुटलेगवर तो अनेकांनी ऐकलेला असल्यामुळे चाहत्यांत यावरून जोरदार वाद आहेत. जॉनने केलेला भाग गाळून ‘पूर्ण केलं’ असं कसं म्हणायचं? शिवाय मागचे समूहस्वर ‘हिअर, देअर अँड एव्हरीव्हेअर’, ‘एलिनॉर रिग्बी’ आणि ‘बिकॉज’ या साठच्या दशकातल्या गाण्यांतून घेतले आहेत. हे प्रक्षिप्त नाही का?

षष्ठी :
‘प्रक्षिप्त’ हा आरोपाचा शब्द आहे, जपून वापरा. ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांमध्ये शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केले, तो प्रश्न असा होता की दुसऱ्याचे शब्द मूळ कर्त्याचे म्हणून चालत होते. ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’मध्ये जॉनचा मधला भाग अर्धवट होता. पॉल आणि जॉर्जने तिथे स्वतःच्या आवाजात, नाव लावून ओळी घातल्या. ती भर आहे, प्रक्षेप नाही. दुसऱ्या गाण्यांतून घेतलेले समूहस्वर त्यांचेच आहेत, फक्त या गाण्यासाठी गायलेले नाहीत. त्यांना ‘उसने सूर’ म्हणावं : घेतले कुठून हे सांगता येतं आणि मालकही घरचेच.

गाळलेल्या भागाचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. ‘पूर्ण’ हा कर्त्याचा दावा असतो. संपादकाने काही वगळलं असेल तर ‘संपादित करून पूर्ण केलेलं’ असं लिहिणं हाच प्रामाणिकपणा.

काळी चार :
आता जिथे सगळ्यात जास्त चुकीचं छापलं जातं त्या जागेबद्दल. ‘एआयने बनवलेला जॉनचा आवाज’ हे सपशेल खोटं वाक्य आहे. २०२३ च्या जूनमध्ये पॉलने बीबीसीच्या मुलाखतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला आणि लोकांनी ‘बनवला’ असं ऐकलं. दिग्दर्शक पीटर जॅक्सनच्या चमूने बीटल्सवरच्या ‘गेट बॅक’ माहितीपटासाठी तयार केलेल्या प्रणालीने कॅसेटवरचा आवाज पियानोपासून वेगळा केला, इतकंच.

यासाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत आणि त्यांतला फरक इथे फार उपयोगी पडतो : गाळणे (ठरावीक कंप्रतेचं सगळंच सरसकट काढून टाकणे) आणि निवडणे (हवं ते ओळखून वेगळं काढणे). १९९५ मध्ये गाळणं शक्य होतं, निवडणं नव्हतं. तांदळातले खडे निवडतात, गाळत नाहीत, कारण खडा आणि दाणा एकाच आकाराचे असतात.

गाळण्यात काय बिघडतं ते बघा. अमेरिकेत घरची वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे विजेमुळे कॅसेटवर उमटलेला गुणगुणाट ६०, १२०, १८० अशा पटींनी वर चढत जातो. पियानोच्या खालच्या सप्तकातला एक स्वर ६१.७ वर आणि त्याचा वरचा जोडीदार १२३.५ वर आहे. पुरुषाच्या आवाजाचे मूळ स्वर १०० ते २०० च्या आसपास पडतात. अगदी अरुंद खाच मारली, म्हणजे तेवढीच कंप्रता काढून टाकली, तर हे स्वर वाचायला हवेत. पण घरगुती यंत्रावर फितीचा वेग डुलतो, त्याबरोबर गुणगुणाटही डुलतो, म्हणून खाच रुंद करावी लागते आणि ती शेजारचे स्वर खाते. गुणगुणाटाला करकर असेल तर त्याचे पट काही हजार हर्ट्झपर्यंत जातात. तितक्या खाचा मारल्यावर आवाज पोकळ होतो. आवाज आणि पियानो एकाच मोनो पट्टीवर असल्यामुळे पियानो कमी केला की आवाजही खाली जातो. ‘फ्री अ‍ॅज अ बर्ड’ आणि ‘रियल लव्ह’मध्ये निर्माता जेफ लिनला हा पियानो सोबत घेऊनच चालावं लागलं. जॉनच्या मागे मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) नव्हता, त्यामुळे तुकडे लयीत बसवायचं काम वेगळंच.

जुनी कॅसेट उतरवून घेणाऱ्यांसाठी क्रमही सांगतो, कारण इथे हमखास चूक होते :

१. मूळ फितीवर डॉल्बी (फितीची खरखर कमी करणारी प्रणाली) नसेल तर वाजवताना डॉल्बी बंद. चालू राहिलं तर वरचे स्वर दबतात.
२. वाजवणाऱ्या यंत्राच्या हेडचा (फीत वाचणाऱ्या भागाचा) कल फितीप्रमाणे जुळवा. मोनो ऐकत बारीक स्क्रू फिरवा, ‘स’ आणि ‘श’ सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा.
३. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर उतरवा. ही प्रत तशीच ठेवा, तिच्यावर काहीही करू नका.
४. आधी वेग दुरुस्त करा, मग गुणगुणाट काढा. हा क्रम उलटा केला तर पुरावा जातो. गुणगुणाट मूळ यंत्रातून शिरलेला असेल तर तो ६० वर असायला हवा (भारतातल्या फितीवर ५०). तो ५८.२ वर दिसला तर फीत ३ टक्के हळू चालते आहे. ६३.६ वर दिसला तर ती जवळपास अर्ध्या स्वराने चढली आहे.
५. त्यानंतर निवडणं. निवडलेल्या आवाजात पाण्यातून आल्यासारखी थरथर, बोथट झालेला ‘स’ आणि पियानोच्या आघाताच्या जागी खळगे शोधा. नुसता आवाज ऐकताना हे टोचतं, नव्या वाद्यांखाली बरंचसं झाकलं जातं.

म्हणून लिहिताना : ‘जॉनचा आवाज संगणकाने निवडून काढला.’ ‘बनवला’ नाही, ‘पुनर्निर्मित केला’ नाही.

लाँगप्ले :
काळी चार, ‘रीमास्टर’ आणि ‘रीमिक्स’चंही याच क्रियापदांनी जमेल. रीमास्टरमध्ये तयार मिश्रणाचा पोत बदलतो, एकेक वाद्य हलवता येत नाही. रीमिक्समध्ये पट्ट्या (ट्रॅक) वेगळ्या करून पुन्हा मिसळतात. बीटल्सचं ‘रिव्हॉल्व्हर’ २०२२ मध्ये रीमिक्स होऊ शकलं ते निवडण्याच्या तंत्रामुळेच, कारण १९६६ च्या चार पट्ट्यांवर अनेक वाद्यं एकत्रच मुद्रित झालेली होती.

पाचगणीकर :
‘ओव्हरडब’साठी (आधीच्या ध्वनिमुद्रणावर नंतर भर घालणं) काय? मुंबईच्या स्टुडिओंत ‘डबिंग’ म्हणतात, पण वाचकाला चित्रपटातले संवाद आठवतात.

लाँगप्ले :
‘वरून मुद्रित केलेलं’. याचं मुंबईशी थेट नातं असलेलं उदाहरण आहे. बीटल्सच्या ‘द इनर लाइट’चा वाद्यमेळ जॉर्जने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतला. आवाज फेब्रुवारीत लंडनमध्ये, वरून मुद्रित केला. मार्चमध्ये ते ‘लेडी मॅडोना’च्या तबकडीच्या मागच्या बाजूला आलं. त्या मुंबईच्या वाद्यमेळाचा एक वेगळा टेक २०१४ मध्ये जॉर्जच्या ‘वंडरवॉल म्युझिक’ या अल्बमच्या नव्या आवृत्तीत निघाला. त्याची नोंद अशी करता येईल : ‘ध्वनिमुद्रण मुंबई, जानेवारी १९६८. जॉर्जच्या पश्चात २०१४ मध्ये प्रकाशित.’ त्यात ‘पूर्ण केलेलं’ हा शब्द घालू नये, तो टेक जसा वाजला तसाच आहे.