उत्तराभिमुख गॅलरीतील बोन्सायसाठी घरात ग्रो टेंट : दिवा, हवा आणि झाडांची निवड

घोडबंदरचा वड (ठाणे)

नमस्कार मंडळी. घोडबंदर रस्त्यावर कासारवडवलीजवळ आमचे घर आहे. गॅलरी उत्तरेकडे असून समोरच दुसरी उंच इमारत उभी असल्यामुळे थेट ऊन जवळजवळ येत नाही. माझ्याकडे वड, पिंपळ, नांद्रुक, कुंती, जेड, बोगनवेल आणि एक जुनिपर अशी बोन्साय झाडे आहेत. वडाची पाने छाटणीनंतरही मोठीच येतात, नांद्रुकाच्या फांद्या लांबट होऊन कठड्याकडे झुकतात आणि बोगनवेलीला फूल म्हणून धरत नाही. ग्रिलच्या बाहेर कुंड्या ठेवायला सोसायटीची मनाई आहे. खाली मुले खेळतात, त्यामुळे तो नियम मला मान्यच आहे. गच्चीवर झाडे ठेवण्याचीही परवानगी नाही.

म्हणून मागच्या खोलीच्या कोपऱ्यात १२० बाय ६० सेंटीमीटर पायाचा आणि १८० सेंटीमीटर उंचीचा ग्रो टेंट (दिव्याच्या उजेडात झाडे वाढवण्यासाठीचा बंद कापडी तंबू) उभारून त्यात एलईडी दिवा लावावा, असा विचार आहे. पावसाळ्याचे चार महिने आभाळ भरलेले असताना झाडांना आत पुरेसा उजेड द्यावा आणि पाऊस सरला की ती पुन्हा गॅलरीत आणावीत, अशी योजना मनात आहे. दिवा किती वॅटचा घ्यावा, तो किती तास चालू ठेवावा, आपल्याकडच्या दमट हवेत बंद तंबूत बुरशी कशी टाळावी आणि वीजबिल साधारण किती वाढेल, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

नेरूळची पारंबी

आपली जागा तंबूला योग्य आहे, पण महिने उलटे धरले आहेत असे मला वाटते, म्हणून आधी त्याविषयी लिहिते.

ठाणे सुमारे १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे साधारण मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या उत्तरार्धापर्यंत तो उगवतो व मावळतोही उत्तरेकडे कललेला. उत्तराभिमुख गॅलरीला वर्षातले जे काही तिरपे ऊन मिळायचे, ते याच काळात मिळते. जून-जुलैत ढग असतात हे खरे, पण ढगाळ आभाळाचा उजेड सर्व दिशांनी पसरून येतो आणि त्यातला उत्तरेचा वाटाही बऱ्यापैकी असतो. याउलट डिसेंबरच्या अखेरीस दुपारचा सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून जेमतेम ४७ अंशांवर असतो, आणि आपली संपूर्ण इमारत त्याच्या व गॅलरीच्या मध्ये येते. आभाळ निरभ्र आणि निळे असले तरी आपल्या झाडांच्या वाट्याला त्यातले थोडेच येते. तेव्हा तंबूची खरी गरज दसऱ्यापासून होळीपर्यंत आहे. पावसाळ्यात वड, पिंपळ, नांद्रुक ही मंडळी गॅलरीतच राहू द्यावीत. वड आणि नांद्रुक यांना पारंब्या फुटण्यासाठी जी ओलसर हवा लागते, ती कोकणपट्टीत त्या चार महिन्यांत फुकट मिळते. ती सोडून त्यांना पंख्याच्या वाऱ्यात कोंडणे मला तरी पटत नाही. कुंडीत पाणी साचणार नाही एवढी मात्र काळजी घ्यावी. मातीत विटांचा ३ ते ५ मिलिमीटरचा चाळलेला चुरा भरपूर असावा आणि कोकोपीट अगदी कमी.

आता दिव्याविषयी. दिवा वॅटवरून निवडला तर फसगत होते, कारण झाडाला उपयोगी पडणारा प्रकाश मायक्रोमोल या प्रकाशकणांच्या संख्येच्या एककात मोजतात. एक चौरस मीटर जागेवर दर सेकंदाला असे किती मायक्रोमोल पडतात, त्या आकड्याला पीपीएफडी म्हणतात. कडक उन्हात तो सुमारे २००० असतो. वड-नांद्रुकासारखी झाडे नुसती जगायला त्याहून पुष्कळ कमी उजेड पुरतो, पण पाने लहान आणि पेरे आखूड हवी असतील तर पानांच्या पातळीवर ३०० तरी हवेत. १२ तास ३०० मिळाले की दिवसाची बेरीज सुमारे १३ मोल होते (एक मोल म्हणजे दहा लाख मायक्रोमोल). उघड्या माळरानावर निरभ्र दिवशी ती ४० च्या आसपास जाते. म्हणजे तंबूतला उजेड उन्हाची बरोबरी करत नाही, पण तो रोज तेवढाच मिळतो, आणि आपल्या सध्याच्या गॅलरीपेक्षा कितीतरी चांगला असतो.

आपल्या तंबूचा पाया ०.७२ चौरस मीटर आहे. त्यावर ३०० च्या हिशेबाने सेकंदाला २१६ मायक्रोमोल पडायला हवेत आणि भिंतींवर थोडा प्रकाश वाया जातो हे धरून दिव्यातून २६० च्या आसपास निघायला हवेत. चांगले एलईडी पॅनेल दर वॅटला सुमारे २.५ मायक्रोमोल देते, म्हणजे प्रत्यक्ष विजेचा वापर १०० ते ११० वॅट असलेले पॅनेल आपल्याला पुरेल. जाहिरातीत ठळक छापलेले १००० वॅट वगैरे आकडे पाहू नयेत. प्रत्यक्ष वापर किती वॅट आणि प्रत्येक वॅटला किती मायक्रोमोल, हे दोनच प्रश्न दुकानदाराला विचारावेत. रंग पांढराच घ्यावा. जांभळ्या उजेडात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि देठाच्या बेचक्यात बसलेला पिठ्या ढेकूण सहज नजरेतून सुटतो. पांढऱ्या एलईडीखाली मोबाइलच्या ॲपवर दिसणारा लक्सचा (डोळ्यांना दिसणाऱ्या उजेडाच्या मापाचा) आकडा साधारण ६५ ते ७० ने भागला की पीपीएफडीचा ढोबळ अंदाज येतो, म्हणून पानांजवळ सुमारे २०,००० लक्स दिसले की काम झाले. मोबाइलवर फार विसंबू मात्र नये. नांद्रुकाचा नवा शेंडा हे त्याहून भरवशाचे मोजमाप आहे. नव्या फुटीतल्या लागोपाठच्या दोन पानांमधले अंतर जुन्या फांदीवरच्या अंतरापेक्षा वाढत असेल, देठ लांबत असतील आणि पान पातळ, मऊ लागत असेल, तर उजेड कमी पडतो आहे. सर्वांत वरची पाने फिकट पिवळसर होऊन कडा वर वळत असतील, तर दिवा फार जवळ आला आहे.

झाडांपैकी वड, पिंपळ, नांद्रुक, कुंती आणि जेड तंबूत चांगली रमतील. बोगनवेल जगेल, पण फुलांसाठी तिला याच्या दुप्पट उजेड लागतो, म्हणून तिची कुंडी दिव्याच्या बरोबर मध्याखाली उंच पाटावर ठेवावी. जुनिपर तंबूत ठेवू नये. त्याला हिवाळ्यात थंडीची विश्रांती लागते आणि घरातल्या उबदार कोपऱ्यात ते हळूहळू क्षीण होत जाते. ते वाळल्यावरही कित्येक आठवडे हिरवेच दिसते, त्यामुळे मालकाला उशिरा कळते. उन्हाची गॅलरी असलेल्या एखाद्या जाणकार स्नेह्याकडे ते सोपवलेत, तर झाडाचे भले होईल.

खारघर टेकडी

पारंबीताईंचा सूर्याचा हिशेब अगदी बरोबर आहे. माझे मत एवढेच, की तंबूचा आग्रह आधी तपासून पाहावा. थंड प्रदेशात तंबू वापरतात तो ऊब आणि ओलावा धरून ठेवण्यासाठी, आणि आपल्याकडे नेमक्या याच दोन गोष्टी नको तेवढ्या आहेत. दिव्यात जाणारी वीज शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते. ११० वॅटचा दिवा बंद तंबूत असेल आणि पंखा ताशी ८० घनमीटर हवा बाहेर टाकत असेल, तर आतली हवा खोलीपेक्षा ४ अंशांपर्यंत जास्त तापू शकते. पंख्याचा वेग दुप्पट केला तर हा फरक २ अंशांवर येतो. डिसेंबरमध्ये याने काही बिघडत नाही, पण मार्चमध्ये खोलीच ३२ अंशांवर असताना तो जाणवतो.

माझ्याकडे लोखंडी उघडे रॅक आहे. मागच्या भिंतीला पांढरा रंग दिला आहे, दोन्ही बाजूंना पांढरे सनबोर्ड लावले आहेत आणि वरच्या फळीखाली पॅनेल टांगले आहे. समोरची बाजू उघडी असल्यामुळे हवा आपोआप खेळती राहते आणि एक्झॉस्टची गरज पडत नाही. समोरच्या बाजूने उजेड निसटतो, त्यासाठी दिवा थोडा मोठा घ्यावा लागतो, आणि खोली रात्रीपर्यंत लख्ख राहते हा खरा तोटा आहे. त्या खोलीत कोणी झोपत नसेल तर माझी पसंती रॅकलाच राहील. झाड येता-जाता नजरेसमोर राहते, आणि बोन्सायला रोज पाहणे हीच अर्धी निगा आहे.

कळव्याचा वायरमन

बिलाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. ११० वॅटचा दिवा १२ तास चालला तर रोज १.३ युनिट, म्हणजे महिन्याला सुमारे ४० युनिट होतात. २० ते २५ वॅटचा पंखा अहोरात्र चालला तर आणखी १५ ते १८ युनिट. ही सर्व युनिटे तुमच्या सध्याच्या वापरावर चढतात, त्यामुळे सरासरी दराने हिशेब करू नये. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटनंतर टप्पा बदलतो. तुमचा वापर आज २७० च्या आसपास असेल, तर वाढीव युनिटांतली निम्मी वरच्या टप्प्यात जातील. जुने बिल समोर ठेवून मगच दिव्याचे तास ठरवावेत.

एवढ्या भाराने वायरिंगवर ताण येत नाही. धोका आहे तो पाणी आणि वीज एकाच कोपऱ्यात आल्याचा. त्या खोलीच्या सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आहे का, ते पाहून घ्या आणि नसेल तर तंबूच्या आधी तो बसवा. अर्थिंग तपासून घ्या, कारण तंबूचा सांगाडा धातूचा असतो. एक्स्टेंशन बोर्ड जमिनीवर ठेवू नका, भिंतीवर झाडांच्या पातळीपेक्षा वर लावा. प्रत्येक वायर बोर्डच्या खालपर्यंत सैल सोडून मग वर वळवून प्लगमध्ये घ्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी त्या वळणावरूनच खाली पडेल. पॅनेलचा ड्रायव्हर (एलईडीला योग्य वीज पुरवणारा डबा) सुटा करता येत असेल तर तो तंबूच्या बाहेर टांगा. त्याची उष्णताही बाहेर राहते. टायमर फिरत्या चकतीचा असेल तर वीज गेल्यावर चकती थांबते आणि तेवढा वेळ तो मागे पडतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर थोडा महाग पडतो, पण तोच घ्या.

घोडबंदरचा वड (ठाणे)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ऋतूंचा हिशेब वाचून योजनाच बदलली. तंबू आता ऑक्टोबरसाठी उभारीन आणि पावसाळ्यात झाडे गॅलरीत ठेवीन. त्या खोलीत वडील झोपतात, त्यामुळे उघडे रॅक जमणार नाही, तंबूच घ्यावा लागेल. जुनिपर पाचपाखाडीला माझ्या मावशींकडे देत आहे, त्यांची गॅलरी पूर्वेकडे आहे. आता दोन शंका उरल्या आहेत. पंखा रात्री बंद ठेवता येईल का? आणि जागा बदलली की नांद्रुक भराभर पाने गाळते, ते कसे टाळावे?

नेरूळची पारंबी

वडील तिथे झोपत असतील तर तंबूच योग्य. पंखा मात्र रात्रीही चालू हवा. दिवसा दिव्याच्या उष्णतेने आतली हवा तुलनेने कोरडी राहते. दिवा विझल्यावर ती निवते आणि कुंड्यांतला ओलावा आतच साठू लागतो, म्हणून बुरशीचा खरा धोका रात्रीच असतो. तंबूची हवा मिनिटाला एकदा बदलायची तर ताशी सुमारे ८० घनमीटर पुरतात. ४ इंची इनलाइन पंखे (हवेच्या नळीत बसणारे) साधारणपणे याहून बरेच मोठे असतात, त्यामुळे वेग कमी-जास्त करता येणारा पंखा घेऊन तो रात्री सर्वांत मंद ठेवला तर आवाजाचा त्रास होणार नाही. पंखा तंबूच्या दांडीला थेट न बांधता रबरी पट्ट्यांवर टांगावा, म्हणजे घरघर सांगाड्यात उतरत नाही. वरून हवा बाहेर, खालच्या जाळीतून आत, आणि तंबूचे कापड किंचित आत ओढले गेलेले दिसले की समजावे, हवा नीट वाहते आहे.

पानगळ पूर्ण टळेलच असे नाही. नांद्रुकाचा तो स्वभाव आहे आणि खोड-मुळे निरोगी असतील तर नवी पालवी त्याच उजेडाला साजेशी येते. धक्का कमी बसावा म्हणून पहिला आठवडा दिवा निम्म्या तेजावर ८ तास ठेवावा आणि पुढच्या दोन आठवड्यांत हळूहळू १२ तासांवर पूर्ण तेज आणावे. या काळात छाटणी, फांद्या वळवण्यासाठी तार गुंडाळणे आणि कुंडी बदलणे, तिन्ही टाळावे. पाने गळाली की झाड पाणी कमी पिते, आणि नेमक्या तेव्हाच काळजीपोटी आपण जास्त पाणी घालतो. बांबूची काडी मातीत तळापर्यंत खोचून पंधरा मिनिटांनी काढावी. खालचा निम्मा भाग गडद आणि ओला असेल तर त्या दिवशी पाणी देऊ नये.

आणखी एक. तंबूत पाऊस पडत नाही आणि लेडीबर्डसारखे कीडखाऊ भुंगेरेही फिरकत नाहीत, त्यामुळे लाल कोळी एकदा शिरला की झपाट्याने पसरतो. आठवड्यातून एकदा कुंड्या न्हाणीघरात नेऊन पानांच्या खालच्या बाजूने पाण्याचा फवारा मारावा, आणि निंबोळी तेल वापरायचेच असेल तर ते दिवा विझल्यावर फवारावे, नाहीतर पाने भाजतात.